उद्या दुपारी तीनच्या आत

सुदामा नगर, इंदूर
सोमवार, रात्री

प्रिय सई,

मावशीने सांगितलं, तुझी कंबर दुखतेय ते. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी तू तिलाच फोन केलास.

कमरेचं एकदाच विचारते, मग तो विषय बंद. दुखतं ते दोन्हीकडे की फक्त डावीकडे? डाव्या पायावर उभी राहा, हात कमरेवर ठेव आणि हळूच मागे वाक. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ आली, तर स्नायू आखडलाय असं धरून चालू नकोस. तुझ्या वयाच्या, उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या खालच्या मणक्याला बारीक चीर जाते ती बहुधा डावीकडे, कारण टेनिसच्या सर्व्हिसमध्ये पाठ मागे वाकते आणि त्याच क्षणी वळतेही. सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा काही दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत सापडलं तर बहुधा तीनेक महिने सर्व्हिस बंद, एवढ्यावर निभावतं. रेटत राहिलं तर चीर आरपार जाते, आणि मग हाड सांधेलच असं नाही.

झालं. विषय बंद.

मुख्य स्पर्धेत शिरायचे, क्वालिफाइंगचे दोन्ही सामने काढलेस! बाबांनी दूधवाल्यालासुद्धा ट्युनिशियातलं मोनास्तिर कुठे आहे ते समजावून सांगितलं. उद्या जिंकलीस तर दुसरी फेरी, म्हणजे 1 गुण. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत यायला तीन स्पर्धांमध्ये गुण हवेत किंवा एकूण 10; तुझ्या दोन झाल्यात. तू गप्प का आहेस, ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण गुण 52 आठवडे राहतात गं. तुझा जुन्यातला जुना गुण अजून सात महिने जिवंत आहे. तीन महिने थांबलीस तरी हातात चार उरतात.

खेळणारच असशील तर किक सर्व्हिस, ती उंच उसळणारी, सोड. तिच्यासाठी टॉस, म्हणजे वर फेकलेला चेंडू, डोक्यावरून मागे, डावीकडे जातो आणि सगळा बाक कमरेवर येतो. टॉस फूटभर पुढे आणि उजवीकडे घे, दुसरी सर्व्हिसही बाजूला वळणारी स्लाइसच मार. दोन-चार डबल फॉल्ट जास्त होतील, होऊ देत. सामन्याआधी पंधरा-वीस सर्व्हिस पुरेत, बास्केट रिकामी करत बसू नकोस. रॅकेटची तार 52 ऐवजी 49 पौंडांच्या ताणाने विणून घे, आणि आधीच्या सामन्याची तार पुन्हा वापरू नकोस. पॉलिएस्टरची तार मेली की चेंडू हवा तसा जात नाही, मग तू अंगाने ढकलतेस. 200 मीटरच्या रीलमध्ये सोळा रॅकेटी होतात, काटकसर तिथे नको.

टॉसवरून गच्ची आठवली. आजीचे पापड एका अंगाला, दुसरीकडे टाकीजवळच्या फरशीवर तुझा खडूचा गोल. चेंडू गोलात पडला नाही की तू खडूने फरशीवर फुली मारायचीस, आणि आजी ओरडायची की पापडांवर खडू उडतोय. नऊ वर्षांची होतीस. फुल्या कमी झाल्या तेव्हा गोल स्वतःच लहान केलास. कोणी सांगितलं नव्हतं तुला.

गोळ्यांचं राहिलं. डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी खेळाडूंसाठीच्या बंदीत नाही, पण ती घेऊन कोर्टवर उतरलीस तर दुखणं झाकतं, चीर तशीच राहते. कोणी ट्रामाडॉल, ती जास्त जोरदार वेदनाशामक, दिली तर नको म्हण. 1 जानेवारी 2024 पासून स्पर्धेच्या काळात तिच्यावर बंदी आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन तर 2022 पासून. सानिया मिर्झा 2007 मध्ये 27व्या क्रमांकावर होती, 2008 मध्ये मनगटाचं ऑपरेशन झालं, 2013 मध्ये तिने एकेरी सोडली. तू म्हणशील, कुठे ती आणि कुठे मी. मी हाडाबद्दल बोलतेय.

पुन्हा भाषण झालं. माफ कर, फोनवर तू मध्येच ‘हो गं आई’ म्हणतेस, इथे म्हणता येत नाही.

पैशांचं मनात आणू नकोस. पहिल्या फेरीत हरणारीला जे मिळतं त्यात हॉटेलच्या तीन रात्रीही निघत नाहीत, हे धरूनच तुला पाठवलंय. तुला पाठवायच्या खर्चापुढे एमआरआयचा खर्च काहीच नाही, जवळच्या सुस शहरात करून घे.

आता कामाचं. पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेतून नाव काढायची मुदत गेली, तिथे डॉक्टरांचा कागद लागेल. तो उद्याच स्पर्धेच्या डॉक्टरांकडून घेऊन ठेव. त्यानंतरच्या आठवड्याची मुदत उद्या, आपले संध्याकाळचे साडेसात, तुझे दुपारचे तीन. तोवर काढलं तर दंड नाही. तू कोर्टवर असशील, म्हणून लॉगिन करून मी बसते. सामन्याला जाण्याआधी ‘काढ’ किंवा ‘ठेव’ एवढंच लिही. ‘ठेव’ लिहिलंस तर डाव्या पायावर उभं राहून काय झालं, तेही लिही.

तुझी,
आई

ता. क. परतीची तारीख बदलायला किती पैसे लागतात ते दादाला बघायला सांगितलंय. नुसतं बघायला.