हातच्या एकाची किंमत : माननीय शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पहिली-दुसरीत बेरीज शिकवण्याचा क्रम आणि ती तपासण्याची पद्धत बदलण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. नाशिक जिल्ह्यात मी तीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले आणि निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत मुलांसोबत बसते. वह्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी ३१२ हा आकडा सांगेन. २७ आणि १५ यांची उभी बेरीज दिली की कितीतरी मुले सात आणि पाच बारा म्हणून रेघेखाली १२ लिहितात, दोन आणि एक तीन म्हणून त्याच्या डावीकडे ३ लिहितात आणि तीनशे बारा हे उत्तर निःशंक मनाने दाखवायला आणतात. सत्तावीस काड्यांत पंधरा काड्या मिसळल्यावर त्या तीनशेच्या वर कशा जातील, हा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तिथे सत्तावीस आणि पंधरा नसतातच. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन एकअंकी बेरजा असतात.

हीच मुले ४२ आणि ३५ यांची बेरीज मात्र अचूक ७७ करतात. चार म्हणजे चार दशक हे ठाऊक नसले तरी ते उत्तर येते, आणि म्हणूनच बिनहातच्याच्या उदाहरणांवर आपण मुलांना जी शाबासकी देतो, तिच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन-लेखन व संख्याज्ञान येण्याचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले. त्यात पहिलीच्या मुलाने ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात, तसेच सोपी बेरीज-वजाबाकी करावी, अशी अपेक्षा आहे. उद्दिष्टाबद्दल माझी तक्रार नाही. पण ६४ हा आकडा ओळखणे आणि सहा गठ्ठे व चार सुट्या काड्या डोळ्यांसमोर आणणे यांत जे अंतर आहे, ते पडताळणीच्या कागदावर उमटत नाही. मग जे तपासले जाते तेच शिकवले जाते, आणि उभ्या मांडणीची घाई पहिलीतच सुरू होते.

यात आपल्या भाषेची एक अडचण मिसळलेली आहे. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी येतो. त्यामुळे ऐकून ७२ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते कानाशी प्रामाणिक असते. एकोणतीसचा घोटाळा त्याहून मोठा आहे, कारण त्या शब्दात ऐकू येतो तीस, लिहायचे असतात दोन आणि नऊ, आणि ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे सात वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून आपण नव्व्याण्णवला तो अचानक मोडतो, हे मला स्वतःला शिक्षिका झाल्यावर लक्षात आले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाची सोय झाली, तेव्हा तिची यथेच्छ टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची अडचण शांतपणे समजावून सांगितली, तरी चर्चा विनोदांपलीकडे फारशी गेली नाही. सत्तावीस हा शब्द जावा असे मलाही वाटत नाही. तो शब्द शिकवताना ‘दोन दशक सात’ हेही त्याच दमात म्हणायला लावले, तर मुलाची वाट सोपी होते, एवढाच माझा अनुभव आहे.

आता काड्यांविषयी. गणित पेटी बऱ्याच शाळांत आहे, पण ती कपाटात कुलूपबंद असते किंवा शिक्षक टेबलावर मांडून दाखवतात आणि मुले बघतात. दशक हा बघण्याचा विषय नाही. मुलाने स्वतः दहा काड्या मोजून त्यांना रबर लावायला हवे, तो गठ्ठा सोडून पुन्हा दहाच निघतात हे पाहायला हवे, आणि हे इतक्या वेळा व्हायला हवे की गठ्ठा हातात आल्यावर त्याला आतल्या काड्या मोजाव्याशा वाटू नयेत. मग २७ आणि १५ एकत्र केल्यावर दोन गठ्ठे व सात सुट्या, एक गठ्ठा व पाच सुट्या असे समोर पडते. सुट्या बारा होतात, त्यांतल्या दहांना रबर लागते, गठ्ठे चार होतात आणि दोन काड्या उरतात. दशकाच्या घरावर आपण जो बारीक एक लिहितो, तो हाच नवा गठ्ठा. आपण त्याला ‘हातचा एक’ म्हणतो आणि त्या नावात त्याचे दहापण लपून जाते.

मुलांना मोकळे सोडले, तर बहुतेकजण आधी गठ्ठे एकत्र करतात आणि सुट्यांकडे नंतर वळतात. काही जण सत्तावीसमध्ये तीन घालून तीस करतात आणि उरलेले बारा पुढे मिळवतात. वर्गात आपण यांना थांबवून ‘एककापासून सुरुवात कर’ असे बजावतो. उजवीकडून सुरुवात ही लेखी मांडणीची सोय आहे. समज पक्की झाल्यावर ती दोन आठवड्यांत शिकवता येते.

पैशांचे उदाहरण सोपे वाटते, पण ते काड्यांच्या नंतर यावे. दहाची नोट हा एक करार आहे. ती सोडवून आतून दहा नाणी निघत नाहीत. गठ्ठे बांधून झालेल्या मुलांना मात्र मी आवर्जून नाशिकरोडच्या नोट प्रेसची गोष्ट सांगते. शंभर नोटांचे एक पाकीट आणि अशा दहा पाकिटांचा एक गठ्ठा, हे ऐकून ज्यांच्या घरचे कोणी प्रेसमध्ये आहे ती मुले वर्गात दोन दिवस मिरवतात.

आमच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा एक खेळही मी दुसरीच्या अखेरीस घेते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जायचे : ७, १४, १९, २९, ४०, ४४, ५२, ५९, ७३. जी संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून तयार होत नाही, तिला देवळाली संख्या असेही म्हणतात, आणि २० ही त्यांपैकी एक आहे. या खेळात २९ मधला दोन हा थोडा वेळ नुसता दोन धरायचा आणि उत्तर काढताना पुन्हा वीस धरायचा असतो. कापरेकर अंकाची जागा जाणूनबुजून बाजूला ठेवत. ३१२ लिहिणाऱ्या मुलाला ती जागा भेटलेलीच नसते.

महोदय, पाठ्यपुस्तके नव्या धोरणानुसार टप्प्याटप्प्याने बदलत असताना माझी विनंती अशी आहे की पहिलीत हातच्याची उभी बेरीज ठेवूच नये, आणि दुसरीत ती गठ्ठ्यांची बेरीज तोंडी व चित्रांतून जमल्यावरच यावी. त्याहून महत्त्वाची विनंती पडताळणीची आहे. दुसरीच्या मुलाला २७ आणि १५ यांची बेरीज विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारला जावा : ‘वर लिहिलेला एक म्हणजे किती काड्या?’ जो ‘एक’ म्हणेल, त्याचे उत्तर ४२ आले असले तरी त्याला अजून शिकवायचे आहे, अशी नोंद शिक्षकाने केल्यास तिच्यासाठी त्याला जाब विचारला जाऊ नये, कारण आज तशी प्रामाणिक नोंद करणाऱ्याची शाळा आकडेवारीत मागे पडलेली दिसते. पेठ-सुरगाण्याकडील आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत आणि त्या विभागाचे आयुक्तालय नाशकातच आहे. हा बदल तिथपर्यंतही पोहोचावा.

खर्चाचा प्रश्न फारसा येत नाही. एका मुलासाठी शंभर काड्या आणि दहा रबरे लागतात, आणि काड्या तर झाडूच्याही चालतात. नाशिकला येणे झाल्यास एखाद्या दुसरीच्या वर्गात अर्धा तास बसून हा दुसरा प्रश्न आपण स्वतः विचारून पाहावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, नाशिक