ताईंची पाण्याची बाटली

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "हल्लीच्या मुली टिकतच नाहीत." दिवाळीनंतर आपल्या बालवाडीतल्या लहान गटाच्या ताई गेल्या, आता मोठ्या गटाच्या ताईंचंही मन लागत नाहीये. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई मुलांना कंटाळतात, असं आपण धरून चालतो. खरं कारण वेगळं आहे. साडेआठ ते साडेबारा या चार तासांत एक मिनिटही त्यांना मोकळं मिळत नाही. बँकेतला माणूस चहाला उठतो. तीन वर्षांच्या मुलांना कुणाच्या भरवशावर सोडून ताईंनी उठायचं?

उद्या साडेबाराला त्यांच्या पाण्याच्या बाटल्या बघ. सकाळी भरून आणलेली लिटरची बाटली जवळजवळ तशीच दिसेल. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि जायला ना वेळ आहे, ना जागा. आपल्याकडची दोन्ही शौचालयं मुलांच्या मापाची, अर्ध्या दारांची. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, घसा बसतो, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो की सुट्ट्या फार घेतात. घराच्या मागच्या बाजूचं बाथरूम त्यांच्यासाठी ठेवा. आतून कडी, बादली, साबण, झाकणाचा डबा. किल्ली मागायला लावू नका, दाराशीच खिळ्याला अडकवा.

दुसरं, रोज प्रत्येक ताईला २० मिनिटांची सुट्टी. दहा ते अकरा या तासात तिघींची पाळी लागते. त्या वेळात आई, तू त्या-त्या गटाला गोष्ट सांग, पण खुर्चीवर बसून. तुझ्या गुडघ्यांनी मुलांमागे धावायचं नाही. कुणाला शू-शी लागली तर मदतनीस मावशी नेतील. मावशींची स्वतःची सुट्टी डबा खाऊन झाल्यावर, तेव्हा बाबा दाराशी बसतील. हे बिघडतं ते दोन कारणांनी. एक तर "जमेल तेव्हा जा" म्हटलं की कुणीच जात नाही, म्हणून वेळा भिंतीवर लिहून लावा. आणि त्या २० मिनिटांत हजेरी, वह्या, चित्रं कापणं असलं काहीही द्यायचं नाही. ही सुट्टी कामं उरकायला नाही.

मुलांची वाटणीही बदलायला हवी. आत्ता लहान गटात २४ आणि बाकी दोन्हीत १४-१४ आहेत. म्हणजे जिथे रडणं, चड्डी बदलणं, भरवणं सगळ्यात जास्त, तिथेच गर्दी. २०१३ च्या बालसंगोपन आणि शिक्षणाच्या राष्ट्रीय धोरणात ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय. चार वर्षं झालेली सहा मुलं मधल्या गटात घाला, म्हणजे १८, २० आणि १४ होतील. जूनमध्ये नवी मुलं एकदम घेऊ नका. रोज पाचच, पहिला आठवडा तासभरच, आणि आई किंवा आजी अंगणात बसलेली.

आवाजाचं बघा. पत्र्याखाली तिन्ही गट एकाच वेळी गाणी म्हणतात, मग प्रत्येक ताई दुसरीपेक्षा वरच्या पट्टीत ओरडते. गाण्यांच्या वेळा वेगळ्या करा, खाली सतरंज्या घाला. मुलांना बोलवायला खंजिरी वाजवावी आणि एखाद्याला सांगायचं असेल तर जवळ जाऊन सांगावं. बसायला ९-१० इंच उंचीचे लाकडी स्टूल सुताराकडून करून घ्या. दिवसभर वाकून कंबर जाते.

गॅदरिंगबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. डिसेंबरभर थर्माकोल कापणं, रात्री घरी बसून मुकुट चिकटवणं, नाच बसेना म्हणून मुलांवर चिडणं. ताई कोलमडतात त्या याच महिन्यात, आणि मुलांना त्यातून काही मिळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. पालकांना बोलवा, मुलं रोजची गाणी, रोजचे खेळ करून दाखवतील. पुरे.

बाबा, दोन कामं तुमची. पालकांचे फोन बालवाडीच्याच नंबरवर, साडेबारा ते एक, आणि ते तुम्ही घ्यायचे. ताईंचा नंबर कुणाला देऊ नका. पालकांना फोटो पाठवायचे ते शुक्रवारी, आणि पाचच. दुसरं, मे महिन्याचा पगार. तो कापणं मला पहिल्यापासून पटलेलं नाही. दरमहा फी ५० रुपयांनी वाढवलीत तर ५२ मुलांचे दहा महिन्यांत २६,००० होतात. तिघींचे ७,००० प्रमाणे आणि मावशींचे ५,००० धरले तरी तेवढेच. आपल्या खिशाला एक रुपयाही लागत नाही.

कुणाला जड जातंय हे ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलंय. थकवा, कामापासून मन उडणं, आणि आपल्याच्याने होत नाही असं वाटणं, अशी त्याची तीन अंगं सांगितली आहेत. बालवाडीत ते असं दिसतं: ताई जमिनीवर बसेनाशा होतात, मुलाला नावाऐवजी "ए, बस खाली" म्हणू लागतात, महिनाभर तीच दोन गाणी चालतात. असं दिसलं तर त्यांना टोकू नका. चार दिवस त्यांचा गट हलका करा आणि आई, तू नुसतं विचार, "कुठला वेळ सगळ्यात जड जातो?" बहुतेक डब्याचा किंवा घरी सोडण्याचा निघेल. मग त्याच वेळेला एक माणूस वाढवा.

बाबा, सुताराला याच आठवड्यात बोलवा. स्टूल व्हायला वेळ लागेल, कडी मात्र त्याच दिवशी बसवून घ्या.

तुमची,
मनू