पथकांतील मुलांच्या सुरक्षेचे काय?

चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्य-संगीत शिकवणाऱ्या संस्थेत मार्च २०२३ मध्ये विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या आरोपांवरून धरणे धरून बसल्या. त्याआधी संस्थेच्या अंतर्गत समितीने हे आरोप निराधार ठरवले होते. पुढे एका माजी विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून एप्रिलमध्ये एका शिक्षकाला अटक झाली. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्थेत ही गत, तर आपल्याकडील ढोल-ताशा पथके, बालनाट्य शिबिरे आणि नृत्यवर्गांत मुलांनी तक्रार करायची कुणाकडे? तालीम रात्री उशिरापर्यंत चालते, स्पर्धांसाठी मुक्काम असतो आणि गुरूला उलट बोलायचे नाही हे लहानपणापासून मनावर ठसलेले असते.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किती पथकप्रमुखांना हे ठाऊक आहे? प्रशिक्षकाला ‘वैयक्तिक कारणास्तव’ निरोप दिला की तो दुसऱ्या गावात नवा वर्ग उघडायला मोकळा, हे मला सर्वांत धोकादायक वाटते. मुलांची नावे गुप्त ठेवून कारवाईचे कारण पालकांना कळवलेच पाहिजे. स्पर्धांच्या आयोजकांनी प्रवेश अर्जासोबतच पथकाची तक्रार समिती आणि तिच्यातील बाहेरच्या सदस्याचे नाव मागावे.

– एक पालक, पुणे