शनिवारची कळ ओळखणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

बेळगावच्या वडगाव भागात आमचे चार यंत्रमाग आहेत. गेल्या वर्षी पोटदुखीने मी इतका हैराण झालो होतो की, ताटावर बसायचीही धास्ती वाटे. दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी, ईसीजी सारे झाले आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. एका ठिकाणी "काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत" असे सांगून फाईल परत दिली, तेव्हा घरचे मला ढोंगी समजतील या विचाराने मी दुखण्यापेक्षा जास्त खचलो.

आपली मातृभाषा कन्नड; तरीही आपण माझ्याशी मराठीत बोललात, आणि पहिलेच वाक्य "कळ खरी आहे" असे होते. मेंदू आणि आतडी व्हेगस नावाच्या मज्जातंतूने जोडलेली असतात. काळजी वाढली की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वाढते, पचनाची लय बिघडते, आणि हे महिनोन्‌महिने चालले की आतड्यांच्या नसा इतक्या हळव्या होतात की साधा गॅससुद्धा कळ होऊन उठतो, हे आपण कागदावर चित्र काढून समजावलेत. पोटात गोळा येतो असे लोक उगाच म्हणत नाहीत, हे मला त्या दिवशी उमगले.

तरीही आपण सारे काही ताणावर ढकलले नाही, याचे मला विशेष वाटते. अल्सर काळजीने होतो असे माझे वडील शेवटपर्यंत मानत होते. पण बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, आणि त्या जंतूच्या शोधाला 2005 साली नोबेल मिळाले, असे सांगून आपण आधी ती तपासणी करून घेतलीत.

मग आपण दुखण्याची वेळ वहीत लिहायला सांगितलीत. तीन आठवड्यांनी आपण पाने उलटून फक्त बोट ठेवलेत: शनिवार, शनिवार, पुन्हा शनिवार. त्या दिवशी कारागिरांचा पगार असतो आणि सुताचा व्यापारी उधारी मागायला येतो. उधारीचा आकडा मी बायकोलाही सांगितला नव्हता. त्या रात्री सांगितला.

कळ अजून येते, पण क्वचित. आई मात्र आता "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणत नाही, "आज किती वाजता दुखलं?" असे विचारते आणि वही पुढे करते. यासाठी मी आपला आजन्म ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
वडगावचा एक विणकर