आधी फॅमिली डॉक्टरकडे जा

महोदय,
ऑस्ट्रेलियातल्या मेडिकेअरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य विमा योजनेतून, मानसोपचारासाठीही पैसे मिळतात, हे इथल्या कित्येक मराठी घरांना अजून माहीत नाही. मानसोपचाराची ही सोय २००६ पासून आहे. बाळंतपणानंतर माझी झोप उडाली, उगाच रडू यायचे. तरी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मी वर्षभर गप्प राहिले. ते वर्ष वाया गेले याचे आजही वाईट वाटते.

फॅमिली डॉक्टरकडे वेळ घेतानाच जास्त वेळ हवा असे सांगावे. ते उपचाराचा आराखडा करून मानसशास्त्रज्ञाकडे चिठ्ठी देतात. कॅलेंडर वर्षात १० सत्रांपर्यंत मेडिकेअरचे पैसे मिळतात: आधी ६, मग डॉक्टरांना पुन्हा भेटून उरलेली. मात्र फी बहुधा मेडिकेअरच्या रकमेपेक्षा जास्त असते, त्यामुळे पदरचे किती भरायचे ते आधीच विचारा. गंभीर आजाराला १० सत्रे पुरत नाहीत. सरकारने ती वाढवायला हवीत. कोविडकाळात ती २० केली होती, २०२२ अखेर पुन्हा १० झाली.

शिकायला आलेल्या भारतीय मुलांना मेडिकेअर नसते. त्यांच्या आईवडिलांना विनंती, फोनवर ‘जेवलास का’ याबरोबर ‘झोप लागते का’ हेही विचारा. विद्यापीठात समुपदेशक असतात.

– एक वाचक, मेलबर्न