फुलाच्या फोटोवरून ‘नवी वनस्पती’ ठरत नाही

महोदय,

श्रावण-भाद्रपदात तोरणमाळ, पाल, यावलच्या डोंगरांतून पिवळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो फिरू लागतात आणि मागोमाग ‘खान्देशात नवी वनस्पती’ अशी बातमी येते. उत्साह चांगलाच, पण सूर्यफुलाच्या कुळात फोटो पाहून निवाडा करू नये.

या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो. एकदांडीचा गुच्छ नखाने उभा चिरून पाहा. मधे नळीसारखी पिवळी फुले, कडेला तीन दातांची फिकट फुले आणि प्रत्येकाच्या तळाशी बारीक फळ (त्यालाच आपण बी म्हणतो), त्यावर पिसासारख्या केसांचा झुबका. ओळख पटते ती या झुबक्यावरून, बाहेरच्या हिरव्या छदांच्या (गुच्छाभोवतीच्या पानासारख्या पात्यांच्या) ओळींवरून आणि परागकोश (परागाची पिशवी) व कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) यांच्या टोकांवरून. माक्याच्या बीवर असा झुबका नसतो. सहदेवीत कडेची फुलेच नसतात. गाजरगवताच्या एका गुच्छात जेमतेम 5 बिया धरतात. फोटोत यातले काय दिसणार?

म्हणून नमुना, म्हणजे कागदात दाबून वाळवलेले झाड, हवा, आणि तो नीट हवा. नुसता फुलांचा शेंडा खुडून आणला तर काम अडते, कारण खालची आणि वरची पाने बऱ्याचदा वेगळी असतात. बुडाचे पान, कळी, उमललेला गुच्छ आणि पिकलेले बी, चारही लागतात. रंग आणि देठाला चीक आहे का हे जागेवरच लिहून घ्यावे. दाबताना पहिले पाच-सहा दिवस रोज कागद बदलावा. ओल राहिली की बुरशी येते, शिवाय गुच्छ दाबातच पिकत राहतो, झुबके फुलून बी सांडते. सुटे बी कागदाच्या पुडीत त्याच नमुन्याला जोडावे. डीएनएसाठी पानाचे तुकडे वेगळे, सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या खड्यांत). झाडे मोजकीच असतील तर मुळासकट उपटू नयेत, आणि जंगलात वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

खडकाळ माळावर वीतभर राहणारे झाड शेताच्या बांधावर गुडघ्याएवढे होते. तेवढ्याने जात बदलत नाही. उलट, ओळखीचे झाडही दुसऱ्या गटात जाऊ शकते. सहदेवी वर्षानुवर्षे शास्त्रीय नावाने व्हर्नोनिया गटात होती, आता ती सायँथिलियम गटात आहे. 1987 साली तर हरितलवकाच्या (पेशीतल्या हिरव्या कणाच्या) डीएनएमधला एक उलटा फिरलेला तुकडा साऱ्या कुळात सापडला, फक्त दक्षिण अमेरिकेतल्या एका छोट्या गटात नाही. तो गट सर्वांत आधी फुटून निघाला, हे त्यावरून कळले; तोवर तो भलत्याच गटात बसवलेला होता. मात्र या कुळात संकर फार होतात, त्यामुळे एकाच जनुकावर भिस्त ठेवून चालत नाही.

नव्या जातीचे नाव ग्राह्य धरायला लॅटिन किंवा इंग्रजीतले वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते आणि प्ररूप नमुना (ज्यावरून ते नाव ठरते तो मूळ नमुना) वनस्पतिसंग्रहात जमा असावा लागतो. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रात किंवा आघारकर संस्थेत जुने नमुने ताडून पाहता येतात. तेव्हा अशी बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहराने दोन प्रश्न जरूर विचारावेत: नमुना कुठे ठेवला आहे, आणि वर्णन कुठे प्रसिद्ध झाले?

– वनस्पतिशास्त्राचे दोन शिक्षक, शहादा