जीपला व्हिंटेज नोंदणी आहे, मग तिच्या मागच्या ट्रेलरला का नाही?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लष्करी ट्रेलरवर तंबू चढवून डोंगरात फिरणाऱ्या तरुणांवरचा लेख वाचला. पोरांची हौस बघून आनंद झाला. पण सोबतच्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसलो, आणि हे पत्र त्या फोटोमुळे लिहितो आहे. ट्रेलर ऑलिव्ह ग्रीन रंगवला होता. दांडीच्या टोकाची, जीपच्या हुकात अडकणारी मूळ ओढकडी कापून तिथं जीपमागच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारा कप्लर वेल्ड केला होता. पाण्याची टाकी पार मागच्या पत्र्याला टेकवली होती. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यातली एक बेकायदा आहे.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, वाहन मेकॅनिक होतो. सिकंदराबादला शिकलो, बावीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. पाव टनी दोनचाकी ट्रेलर माझ्या हाताखालून किती गेले याचा हिशोब नाही. त्यातून आम्ही पाण्याचे जेरीकॅन, लंगरची भांडी, हत्यारांच्या पेट्या, तंबूचे खांब वाहिले. १९६५ च्या लढाईतल्या अब्दुल हमीदांच्या जीपची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. जीपच्या मागून काय ओढलं जायचं ते कुणी विचारत नाही. या ट्रेलरचं नशीबच तसं. १९४० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीनं पहिली जीप बनवून दाखवली. मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डला गेल्या, आणि बँटमच्या वाट्याला जीपमागचे ट्रेलर आले.

माझा ट्रेलर मला २०१९ मध्ये कराडजवळच्या एका वीटभट्टीवर दिसला. भट्टीची राख वाहायला वापरत होते. राख आणि पावसाचं पाणी मिळून तळाचा पत्रा चाळणीसारखा झाला होता, आणि पाणी निघून जावं म्हणून कुणीतरी छिन्नीनं आणखी चार भोकं पाडली होती. मालक म्हणाला, "मेजर, काय बघताय त्यात? पुढच्या आठवड्यात किलोवर जाणार ते." मी मडगार्डवरचा रंग नखानं खरवडला. तीन थरांखाली पांढऱ्या स्टेन्सिलनं लिहिलेला टायरचा दाब दिसला आणि बाजूला सैन्याच्या नंबरातला वर टोक केलेला बाण. नंबर पुरता लागला नाही. माहितीच्या पट्टीच्या जागी चार रिव्हेटची भोकं तेवढी होती. वजनकाट्यावर घातला, भंगाराच्या भावानं पैसे दिले आणि टेम्पोत चढवून घरी आणला.

आधी मी त्यात पाणी भरलं. हा ट्रेलर होडीसारखा घडवलेला असतो. पेटी पाणबंद असते, तळाला पाणी सोडायची बुचं असतात, ओढ्यात शिरला तर तो तरंगतो. म्हणून गळती शोधायची ती आतून पाणी भरून. जिथं थेंब दिसेल तिथं बाहेरून खडूची खूण करायची. सत्तेचाळीस खुणा झाल्या. कोपऱ्यातला गंजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा बसवला. वरून नुसते तुकडे चिकटवले नाहीत, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल धरते आणि गंज आतून खात राहतो. ठिगळ लावलेला ट्रेलर वर्षभर चांगला दिसतो, पुढं नाही.

स्प्रिंगच्या पाट्यांतला एक तुटला होता. लोहार म्हणाला, दोन पाटे जास्त घालू, माल जास्त बसेल. मी नको म्हणालो. पाटे जास्त घातले की रिकामा ट्रेलर दगडावर उड्या मारतो, आणि ज्याची दोन्ही चाकं हवेत आहेत तो ट्रेलर जीपला कुठं ढकलेल ते सांगता येत नाही. तुटलेल्या जागी त्याच जाडीचा पाटा घातला, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर नवे घेतले, एवढंच. भट्टीवाल्यांनी बसवलेली टायरगाडीची चाकं काढून जीपची ६.००–१६ ची चाकं चढवली. पाच बोल्टचं तेच अंतर विलीजपासून माझ्या महिंद्रा एमएम ५४० पर्यंत चालत आलं आहे, त्यामुळं एक स्टेपनी दोघांनाही पुरते. माझ्या जीपच्या मानानं ट्रेलरची चाकं दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत पडतात. चाकोरी जुळवायला चाकामागं स्पेसर (जाड चकती) घाला असं मला अनेकांनी सुचवलं. स्पेसरनं चाक बाहेर जातं आणि भार बेअरिंगच्या बाहेरच्या अंगावर येतो. चिखलात दीड इंच जास्त कापलेलं परवडतं, उतारावर बेअरिंग जाम झालेलं नाही परवडत.

हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घराबद्दल, एक गोष्ट तरुणांनी मनावर घ्यावी. लांब धावून आलेला हब तापलेला असतो. तो तसाच थंड ओढ्यात बुडवला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. महिन्याभरानं बेअरिंगवर तांबूस डाग दिसतात, मग चाक किरकिरायला लागतं. ओढ्याच्या अलीकडं थांबा, हबला हात लावून बघा, हात टिकत असेल तरच पाण्यात घाला. पावसाळा संपला की हब उघडा, जुनं ग्रीस धुवून काढा, नवं भरा.

आता ती कापलेली कडी. बॉलचा कप्लर डांबरी रस्त्यावर चांगला चालतो, आवाज करत नाही. पण शिवारातला चर तिरपा ओलांडताना जीप डावीकडं कललेली असते आणि ट्रेलर उजवीकडं. कप्लरला तेवढं वळता येत नाही, मग सगळा पीळ दांडीत उतरतो, आणि जुन्या दांडीची वेल्डिंग तिथंच उकलते. ओढकडी हुकात सैल असते, त्यामुळं ट्रेलर हवा तसा कलतो. रस्त्यावर खडखडते खरी, ती तेवढी सोसायची. माझी कडी आतल्या बाजूनं घासून लंबगोल झाली होती. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून देतो म्हणणारे भेटले. मी फोर्जिंगची (तापवून ठोकून घडवलेली) नवी कडी करून घेतली, ओतीव घेतली नाही. दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन जीपला अडकवतो, म्हणजे कडी सुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

आणि ती पाण्याची टाकी. आमच्या म्हाताऱ्यांना हे शिकवावं लागलं नसतं. गाडी उलार, म्हणजे मागं जड, भरली की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, हे बैलगाडी हाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ट्रेलर उलार झाला की जीपची मागची चाकं हलकी होतात आणि घाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडं मारायला लागतो. एकदा तसं सुरू झालं की ब्रेक दाबून ते वाढतं. माझा रिवाज असा आहे: ट्रेलर सपाटीवर उभा करून, कडीखाली हुकाच्या उंचीचा ठोकळा आणि त्याखाली धान्याचा काटा ठेवतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा कडीवर आला पाहिजे. माझा रिकामा ट्रेलर २५० किलोच्या आसपास आहे. त्यात २०० किलो माल भरला तर कडीवर ४५ किलो यायला हवेत. कमी आले तर माल पुढं सरकवतो. अमेरिकी पाव टन म्हणजे ५०० पौंड, २२७ किलो. २०० लिटरचं एक बॅरल काठोकाठ भरलं की बॅरलच्या वजनासकट पाव टन संपला! फोटोतल्या ट्रेलरवर तंबू, टाकी, दोन स्टेपनी, गॅसची शेगडी आणि वर दोन सायकली होत्या. या जातीच्या ट्रेलरला मूळचा फक्त हँडब्रेक असतो, उभं राहण्यापुरता. चालत्या ट्रेलरचा सगळा रेटा जीपच्या ब्रेकवर येतो.

रंगाचं बोलताना मला स्वतःला वाईट वाटतं. तो रंग मी बावीस वर्षं अंगावर घातला. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याची सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. म्हणून माझा ट्रेलर मातकट तपकिरी आहे. बाणाच्या खुणेभोवतीचा वीतभर जुना रंग आतल्या बाजूला तसाच राखला आहे.

तंबूची चौकट, जेरीकॅनचे कप्पे, १२ व्होल्टचे मागचे दिवे, सगळं मी मूळच्या दोरीच्या कड्यांना आणि जुन्या भोकांतून नटबोल्टनं बसवलं आहे. ट्रेलरला नवं भोक एकही नाही. उद्या कुणाला तो जसा होता तसा हवा असेल तर अर्ध्या दिवसात होईल.

एवढं करूनही मी हा ट्रेलर घेऊन रस्त्यावर येत नाही, आणि संपादक महाशय, माझं खरं गाऱ्हाणं हे आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच आहे आणि त्याला नोंदणी लागते. माझ्याकडं कागद नाही, भट्टीवाल्याकडं नव्हता, त्याच्या आजोबांनी लष्करी विक्रीतून घेतला तेव्हाची पावती कुणी जपली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका दिली. चांगलं काम झालं. पण ते नियम दुचाक्यांना आणि चारचाकी मोटारींना आहेत. १९४४ ची जीप त्यात बसते, तिच्यामागं युद्धात फिरलेला ट्रेलर बसत नाही.

त्याच महिन्यात आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. आमच्या वाडीचा रस्ताही वाहून गेला होता. मी जीप घेऊन शिवारातून, ओढ्याच्या कडेनं खेपा घातल्या. दर खेपेला प्रश्न पडायचा, जीपमध्ये माणसं घ्यायची की पाण्याचे कॅन? ट्रेलर तेव्हा घराशेजारी ठोकळ्यांवर होता, दोन्ही हब उघडे, बेअरिंग रॉकेलच्या डब्यात. तो चालू असता तर दर खेपेला माणसांसोबत पाणीही गेलं असतं. त्यानंतर रोज रात्री दोन तास काम करून २०२२ च्या संक्रांतीला तो जीपला जोडला. तेव्हापासून माझ्या आणि भावकीच्या डोंगरउताराच्या शिवारात शेणखत, वैरण, पाणी वाहतो आहे. फाट्यावरचा डांबरी रस्ता आला की मी जीप वळवून घेतो.

माझी मागणी मोठी नाही. व्हिंटेजच्या नियमांत जुने लष्करी ट्रेलर घ्यावेत. व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर चालवायची मुभा नसते, ती मला नकोच. कागद हरवलेल्या ट्रेलरसाठी परिवहन खात्यानं प्रत्यक्ष तपासणी करून चेसिसवर नंबर कोरून द्यायची सोय करावी. कडी, हब, दिवे, वजन सगळं तपासावं, नापास झाला तर नापास करावं. आणि सैन्याचा माल लिलावात जातो तेव्हा माहितीच्या पट्ट्या उपटल्या जाणार नाहीत एवढं बघावं. त्या चार रिव्हेटच्या भोकांपाशी माझ्या ट्रेलरचं नाव, गाव, साल सगळं होतं.

ट्रेलर सध्या गोठ्याशेजारी ठोकळ्यांवर आहे, टायरवरचा भार काढून. कुणी अधिकारी बघायला आले तर दोन्ही हब उघडून दाखवायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, ईएमई
ता. पाटण, जि. सातारा